मागच्या पायावरची गाठ

हमरापूर, ता. पेण
९ जून २०२५

मुराद,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय तुला, दिसू दे.

तू माझा नंबर बंद करून टाकलास. दुसऱ्या नंबरावरून केला, तर माझा आवाज ऐकून ठेवलास. अनिताच्या फोनवरून केला तर तिच्याशी चांगलं दहा मिनिटं बोललास, तिच्या गुडघ्याची चौकशी केलीस, तिकडच्या उन्हाच्या गोष्टी सांगितल्यास, आणि मी फोन हातात घेतल्याबरोबर बंद. माझ्या बायकोच्या गुडघ्याची तुला काळजी आणि माझ्याशी दोन शब्द नाहीत. म्हणून हे पत्र. रोह्याला तुझ्या घरी हमिदाभाबीच्या हातात देणार आहे, काल तिला विचारून आलो. ती म्हणाली, शारजाला जाणारं कोणी ना कोणी असतंच, पाठवीन. पत्रात काय असेल ते तिनं विचारलं नाही. चहा मात्र दिला.

इथं सीझन डोक्यावर आलाय. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. कच्च्या मूर्ती ओटीवर, पडवीत, अनिताच्या शिवणयंत्रावरसुद्धा. मी सकाळपासून डोळ्यांच्या आखणीला बसतो. दिवसाला चाळीस जोड्या होतात. पूर्वी साठ व्हायच्या. हौसा अजून घासकामाला येते, सत्तरी ओलांडली तरी पॉलिश पेपर सोडत नाही. रोज विचारते, “मुराद आला का रं?” मी सांगतो, येईल. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते आणि मूर्ती घासायला लागते.

आता त्या बेडकांचं. अंगावर फोड असतात तो भेक, त्याला बेडूक म्हणू नको, असं तू मला पन्नासदा सांगितलंस. तर भेकांचं. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू ऐकलेलंच नाहीस, म्हणून पहिल्यापासून मांडतो.

तुझ्या कॉलेजात ते स्पर्शाचं दालन व्हायचं ठरलं. डोळ्यांनी अधू मुलांसाठी. प्रत्येक वस्तूला हात लावायची मोकळीक, काच नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. कल्पना तुझी. प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या पुसणाऱ्या माणसाची कल्पना प्राचार्यांनी उचलली, तेव्हा तू मला फोनवर किती वेळ बोललास. आणि ती तू कोणासाठी काढलीस ते सांगायला नको. सफा तेव्हा नऊ वर्षांची. तुझी नात, तुझ्या अंगाखांद्यावर वाढलेली, जन्मापासून दिसत नसलेली. दालनात सगळ्यात महत्त्वाची जोडी कुठली, तर तुमच्या जुन्या सरांनी ब्राझीलहून आणलेले ते दोन भेक, जे बाटलीत वर्षानुवर्षं पडून होते. दोघे वीतभर, दोघे सख्ख्या भावांसारखे, आणि तरी जात वेगळी. तिकडची माणसंही दोघांना एकाच नावानं हाक मारतात म्हणे. तू म्हणालास, “बघून फसतात, हात लावून नाय फसत. हेच तर पोरांना दाखवायचंय.” त्या दोघांची प्रतिकृती करायचं काम तू मला मिळवून दिलंस.

काम माझ्याकडून चुकलं, मान्य. पण जानेवारीत परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या पेट्या भरायच्या होत्या, बोटीची तारीख ठरलेली. घाई झाली. आणि तू दिलेल्या मापांच्या दोन कागदांपैकी एक या पसाऱ्यात कुठंतरी हरवला. एकच कागद हाताशी होता, म्हणून दोघे एकसारखे झाले. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो ते त्या भरात बोललो.

एवढ्यावरून चाळीस वर्षांची दोस्ती मोडायची का, हे तूच ठरव.

कमळाकर


हमरापूर
२२ जून २०२५

मुराद,

पहिलं पत्र तुझ्या हातात पडलं असेल, नसेलही. त्यात एक गोष्ट खोटी आहे. ती आज सुधारतो.

कागद हरवला नव्हता.

दोन्ही भेक करताना तो माझ्याकडे होता. आत्ताही आहे. रंगांच्या डब्यांमागे, फळीवर. दोन्ही कागदांवर तुझ्या गोल अक्षरात शास्त्रीय नावं. एकावर: ‘पहिला – मरिना. डोळ्यांमागची विषाची पिशवी फार मोठी, खांद्यापर्यंत. मागच्या पायावर काही नाही.’ दुसऱ्यावर: ‘डिप्टिका. पिशवी जरा लांबट. मागच्या पायाच्या नळीवर मोठी गाठ, दोन्ही पायांना. कमळ्या, ही विसरू नको.’ आणि लाल पेनानं गोल.

एवढ्यानं तुझं समाधान झालं नव्हतं. तू एका रविवारी कारखान्यात आलास, माझ्या टबातून शाडूचा गोळा घेतलास आणि ती गाठ स्वतः करून दाखवलीस. डाव्या अंगठ्यानं दाबून, लांबट, खाली निमुळती. “एवढी जाड. अशी सुजल्यासारखी,” म्हणालास. हौसा तुला हसली होती, “मास्तर, गनपतीचा अंगठा का काय ह्यो?” ती गाठ सुकली आणि कागदांवर वजन म्हणून ठेवली गेली. ती पण फळीवर आहे.

मग दोघांना एकच अंग का केलं? मुराद, तुला आमच्या धंद्याची रीत माहीत आहे. एका साच्यातून बारा गणपती निघतात आणि बाराही वेगळे. एकाचा हात बदलायचा, दुसऱ्याची सोंड वळवायची, तिसऱ्याला फेटा चढवायचा. बाकी सगळं रंगावर. गिऱ्हाईक मूर्तीचे डोळे बघतं आणि खूश होतं. मी तेच केलं. मरिना मन लावून घडवला. तुझ्या बाटलीसमोर चार दिवस बसून केला, त्याचा रबरी साचा घेतला, काथ्या घालून प्लास्टर ओतलं. एक निघाला. मग दुसरा शाडूत नव्यानं घडवायचा तर आणखी चार दिवस. मी त्याच साच्यात पुन्हा प्लास्टर ओतलं. हौसा म्हणाली, “दोन बेडकांना एक साचा? ह्यो काय गनपती हाय, मुकुट बदलला की झालं?” मी म्हटलं, गप गो, रंगात भागवतो.

आणि रंगात भागवलं. पायाच्या नळीवर ती गाठ रंगवली मी. एका बाजूला उजेड, एका बाजूला सावली, कडेला करडी रेघ. लांबून सोड, जवळूनसुद्धा ती फुगीर वाटायची. तुला सांगतो, माझ्या हातून इतकं चांगलं रंगकाम आजवर झालेलं नाही. सपाट प्लास्टरवर मी गाठ उभी केली होती. मला त्याचा अभिमान वाटला. हे लिहिताना कान तापतायत, पण वाटला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मुद्दाम उशिरा पोचलो. तुला तपासायला वेळ मिळू नये म्हणून. तू दोघांकडे पाहिलंस, डिप्टिकाच्या पायाकडे पाहिलंस आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. हात लावून बघितलं नाहीस, कारण काम माझं होतं.

पुढचं आज नको. हात भरून आलाय, आणि अजून बावीस जोड्या डोळे बाकी आहेत.

कमळाकर


हमरापूर
२५ जून २०२५

मुराद,

आज पुढचं लिहितो, नाहीतर लिहिणारच नाही.

पंधरा-सोळा मुलं होती. सगळ्यात पुढं सफा, तुझा मान म्हणून. तिनं मरिनावर हात फिरवला. डोकं, पिशवी, पाठीवरचे खडबडीत फोड, पाय. मग दुसऱ्यावर. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. ती त्याच्या मागच्या पायावर आली, थांबली, वर गेली, पुन्हा खाली आली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “नाना, हे दोघं एकच आहेत.”

तू काही बोलायच्या आत मी बोललो. म्हणालो, “बाळा, नीट बघ. दोन वेगळे आहेत. तुझ्या बोटांना अजून सवय नाही.” सगळे हसले, कौतुकानंच हसले. प्राचार्य म्हणाले, पुन्हा एकदा लाव हात. तिनं लावला. दुसऱ्यांदा तिची बोटं फार सावकाश फिरली. मग म्हणाली, “असतील.”

मुलं खाऊ घ्यायला गेली. आपण मागे राहिलो. पुण्याच्या पाहुण्या बाई, ज्यांनी ब्राझीलमध्ये भेकांच्या अभ्यासात वर्षं काढलेली, त्या परत त्या टेबलापाशी गेल्या, डोळे मिटले आणि दोन्हींवर हात ठेवले. त्यांना अर्धा मिनिटही लागलं नाही. “मुलगी बरोबर सांगत होती,” म्हणाल्या. “डिप्टिकाच्या पायाला गाठच नाही. हा नुसता रंग आहे.”

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागं भिंतीवर माझ्या नावाची पाटी होती, वर्तमानपत्रवाला वही काढून उभा होता. मला वाटलं, हमरापूरपासून पेणपर्यंत माझी छी-थू होणार. मी म्हणालो, “मला मुरादनं एकच माप दिलं. दोघांना तेच आहे म्हणाला.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता तू बोलशील, आणि मी मरेन. तू प्राचार्यांकडे वळलास आणि म्हणालास, “व्हय सर. माझ्याकडूनच राहिलं.”

का, मुराद? मला वाचवलंस, की माझ्याशी वादही घालायची तुझी इच्छा राहिली नाही? चार महिने मी हेच विचारतोय. तीस वर्षं तू तिथं हंगामीच होतास, कायम कधी झालाच नाहीस. त्यांना कारण मिळालं. मार्चनंतर येऊ नका म्हणाले. आणि आता तू जावयाच्या दुकानात गल्ल्यामागे बसतोस. तमीम गुणी आहे, तुला मान देतो, मला माहीत आहे. पण जावयाच्या दारी राहायची वेळ आली तर कुंडलिका नदीत उडी मारीन, असं तू थट्टेत म्हणायचास. ती वेळ मी आणली.

उत्तर देऊ नकोस. आधी काहीतरी करतो, मग लिहितो.

कमळाकर


हमरापूर
१४ सप्टेंबर २०२५

मुराद,

गणपती गेले. कारखाना रिकामा झालाय, अनिताला शिवणयंत्र परत मिळालंय. मी दुसरा भेक घडवला.

साचा नाही घेतला. पहिल्या दिवशी शाडूचा गोळा मळला आणि तुझा कागद समोर लावून बसलो. पहिला जमला नाही. हौसाला विचारलं तर म्हणाली, “ह्याच्या पायाला गळू झालंय.” मोडला. दुसऱ्याची पिशवी मरिनाचीच होऊन बसली, सवयीनं हात तिकडेच जातो. मोडला. तिसऱ्या वेळी तुझी ती सुकलेली गाठ डाव्या हातात धरली आणि उजव्यानं घडवत गेलो. रंग अजिबात दिला नाही. नुसता पांढरा ठेवला.

आता तो बरोबर आहे हे कोणी सांगायचं? तू तिकडे. बाटल्या कॉलेजात कुलुपात. राहिली सफा. तिला घरी तू दोन्ही भेक कणकेचे करून शिकवले होतेस, भाबी सांगत होती.

काल रोह्याला गेलो. भेक चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ किती महिन्यांचं? भाबीला म्हटलं, कॉलेजसाठी नवा केलाय, सफाला दाखवायचाय. तिनं पोरीला हाक मारली.

सफा मोठी झाली रे. वेण्या लांब झाल्यात. आली, भेकाच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुन्हा ठेवला. पाठीवर हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. पाय, मग पुन्हा पाय. पाण्याचा पेला भाबीनं पुढं केला, तो घेताना काठाला बोट लावलं, परत लावलं. भाबी म्हणाली, “हल्ली असंच करते गो बया. मीठ-साखर, चप्पल, दप्तर, सगळ्याला दोनदा हात.” आणि माझ्याकडे बघून हसली, पोरांचं काय मनावर घ्यायचं अशी. मी पण हसलो. कधीपासून, ते विचारलं नाही.

सफा म्हणाली, “गाठ बरोबर आहे. पण थोडी वर पाहिजे. गुडघ्याकडं.” मी पिशवीतून तुझी शाडूची गाठ काढली, जुळवून बघावं म्हणून. ती तिनं माझ्या हातातून घेतली. बोटांनी चाचपली. मग तिचं एक बोट त्यावरच्या बारीक उंचवट्यावर थांबलं, जिथं तुझ्या अंगठ्याचा व्रण उमटलाय. बाटली फुटून कापला होता तो.

“हा नानांचा अंगठा आहे,” ती म्हणाली.

भाबी स्वयंपाकघरात होती. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“म्हणजे नानांनी तुम्हाला गाठ करून दिली होती.”

मुराद, मी म्हणालो, “मला ती परवाच सापडली, बाळा. आधी कुठं होती कोण जाणे.”

तिनं मान हलवली. गाठ मला परत दिली. देण्याआधी पुन्हा एकदा चाचपली.

मी खोटं बोललो. पुन्हा. दहा वर्षांच्या पोरीशी, तुझ्या घरात, तुझ्या बायकोचा चहा पिऊन.

कमळाकर


हमरापूर
५ ऑक्टोबर २०२५

मुराद,

आज चांगली बातमी आहे. मी कॉलेजात गेलो आणि सगळं सांगितलं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलो, दार लावून घ्या म्हटलं. त्यांनी लावलं. कागद दाखवले, दोन्ही. तुझं लाल गोल दाखवलं. शाडूची गाठ टेबलावर ठेवली. म्हटलं, मुरादनं सगळं दिलं होतं, दोन माणसांच्या समजुतीला पुरेल इतकं दिलं होतं. घाई मी केली, एकाच साच्यात दोन्ही मी काढले, खोटं मी बोललो, आणि त्यानं ते स्वतःवर घेतलं.  

प्राचार्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, “मुराद तेव्हा स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही हो.” मी म्हटलं, तो तसाच आहे. ते म्हणाले, “झालं ते झालं. तुमचा नवा भेक आणून ठेवा. गवगवा नको. मुरादभाई परत येणार असतील तर दिवाळीनंतर बघू. लेखी देता का?” मी दिलं. खाली सही केली.

सफानं सांगितली तशी गाठ थोडी वर घेतली आणि पुढच्याच आठवड्यात भेक नेऊन ठेवला. कॉलेजला सुट्टी होती, शिपायानं दालन उघडलं. जुना डिप्टिका घरी आणला. हौसानं त्याच्या पायावर हात फिरवला आणि म्हणाली, “काय पण सुंदर रंगवलाय रं मेल्या.” आणि रडायला लागली. मी तो मागच्या अंगणात फोडला.

तर तुझं नाव आता मोकळं झालं. लेखी आहे. वाटलं तर भाबीकडे एक प्रत देतो. आता तरी नंबर चालू कर.

कमळाकर


हमरापूर
९ नोव्हेंबर २०२५

मुराद,

तुझा निरोप भाबीनं सांगितला. दारातच सांगितला, आत ये म्हणायच्या आधी. “त्यांनी विचारलंय, सफाला सांगितलंस का?”

पाच महिन्यांनी तुझे तीन शब्द. माझी पाच पत्रं झाली, आणि तुझे तीन शब्द.

मी भाबीला म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं, विषय तुझ्या नोकरीचा नव्हे, पोरीचा; ती सगळ्याला दोनदा हात का लावते त्याचा. म्हणाली, “ह्यांनी तिला कितींदा सांगितलं, तू बरोबर होतीस. ती म्हणते, नाना तर तसं म्हणणारच.” मग पदरानं तोंड पुसलं आणि आत ये म्हणाली. मी आत गेलो नाही.

केबिनचं दार लावून घेतलं, ते का, हे तुला माझ्याआधी कळलं. तुझ्या बाबतीतली माझी चूक निस्तरणं त्यातल्या त्यात सोपं होतं. तू मोठा माणूस, तुला सोसायची सवय. कागद होते, सही होती. सफाचं माझ्याकडे काहीच लेखी नव्हतं.

प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, मुलांची भेट पुन्हा ठेवा, तीच शाळा, तीच मुलं. ते म्हणाले, गवगवा नको म्हणालो होतो. मी म्हटलं, सर, गवगवाच पाहिजे. ते नाराज झाले, पण काल शनिवारी ठेवली.

मुलं ओळीनं उभी राहिली. प्राचार्य, तीन शिक्षक, शिपाई, भाबी. मी टेबलाजवळ गेलो, दोन्ही भेकांच्या मध्ये. घरून वाक्यं ठरवून आलो होतो, ती कुठं गेली कळलं नाही. मी म्हणालो, “फेब्रुवारीत सफानं सांगितलं होतं, हे दोन्ही एकच आहेत. ती बरोबर होती. दोन्ही मी एकाच साच्यातून काढले होते. तिला चूक म्हणालो ते मी खोटं बोललो.”

 कोणीतरी पाय घासत होतं. सफा भाबीचा हात सोडून दोन पावलं पुढं आली.

“तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

“मी दुसऱ्यांदा हात लावला तेव्हा पण?”

“तेव्हा पण.”

 मग म्हणाली, “तेव्हा सगळे हसले. तुम्ही पण हसलात. मला तुमचा आवाज आला.”

मुराद, हे मी तुला पाच पत्रांत लिहिलं नव्हतं. ‘सगळे हसले’ असं लिहिलं होतं. हसलो मी पण. सगळ्यात आधी मीच हसलो, म्हणून बाकीचे हसले.

मी म्हणालो, “हसलो, बाळा. माझं चुकलं.”

ती टेबलाकडे वळली, मरिनाच्या पायावर हात ठेवला, मग नव्या डिप्टिकाच्या. मागच्या मुलीला म्हणाली, “भूमिका, इकडं ये. ह्याला गाठ हाय, ह्याला नाय. बघ.” भूमिकाचा हात धरून तिनं तो गाठीवर ठेवला. मग एकेक पोरगं पुढं आलं. पंधरा हात त्या गाठीवरून गेले, पांढरी शाडू थोडी काळपट झाली. मी बाजूला उभा होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

नंतर भाबी आग्रहानं घरी घेऊन गेली. शेजारच्या बायका आल्या होत्या, भाबीच्या माहेरची कोणी आली होती, दाराशी पंचवीसेक चपलांचा ढीग. चहा झाला. तुझं विचारलं, भाबी म्हणाली, दिवाळीनंतर बघू म्हणालेल्या कॉलेजनं अजून काही कळवलेलं नाही, पण ह्यांनी तमीमला तिकिटाचा भाव विचारायला सांगितलंय. तू कशासाठी येणार, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली की ती म्हणेल, सफासाठी, आणि तेवढंच.

निघालो तेव्हा सफा दारापर्यंत आली. भाबीनं पाठवलं असेल, पाहुण्याला पोचवायला. मी ढिगात माझ्या चपला शोधायला वाकलो. ती माझ्या आधी खाली बसली. त्या ढिगात तिनं हात घातला, माझी एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही माझ्या पायांपुढं सरळ ठेवल्या.

“ह्या तुमच्या,” म्हणाली. “आता जावा.”

आतून भाबी ओरडली, “सफा! असं बोलतात गो?” मी म्हटलं, बोलू दे तिला.

एकदाच हात लावला तिनं, मुराद. मी नीट बघत होतो. एकदाच.

कमळाकर